सुजलेला पाय आणि धाकटी बहीण

बराकपूरहून परत येताना लोकलमध्ये मला हुडहुडी भरली. नवऱ्याच्या बँकेतले एक सहकारी तिकडे राहायचे. त्यांच्याकडे आम्ही रविवारचे जेवायला गेलो होतो. भर दुपार, डब्यात सगळे घामानं निथळत होते आणि मी ओढणी अंगाभोवती घट्ट गुंडाळून दात वाजवत बसले होते. मुलीनं माझ्या कपाळाला हात लावला आणि हिंदीत म्हणाली, "मम्मा, तुम्हें तो बहुत बुखार है." ती तेव्हा आठवीत होती आणि माझ्याशी हिंदीतच बोलायची. मी मराठीत विचारायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची. कोलकात्यात आल्यापासून आमचं असंच चाललं होतं.

सियालदाला उतरताना उजवा पाय जमिनीवर टेकवेना. घरी येऊन सलवार वर केली, तर घोट्यापासून वर नडगीपर्यंत लालभडक चट्टा पसरलेला. हात लावला तर तव्यासारखा गरम. पैंजण काढायचं म्हटलं तर ते मांसात रुतून बसलेलं.

ताप म्हटला की कोलकात्यात आधी डेंग्यूचं नाव निघतं. नवऱ्यानंही तेच काढलं आणि मला बालीगंजच्या आमच्या गल्लीतल्या औषधांच्या दुकानात नेलं. त्या दुकानामागच्या खोलीत एक वयस्कर डॉक्टर बसायचे. त्यांनी ताप वगैरे नंतर पाहिला, आधी माझ्या पायाची बोटं फाकवून पाहिली. करंगळीशेजारच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून चिरली होती. चिखल्या. आदल्या आठवड्यात गल्लीत पाणी तुंबलं होतं, त्यातून मी भाजी आणायला, मुलीला बसपर्यंत सोडायला चपलांनिशी ये-जा केली होती. खाज सुटली होती, पण चिखल्यांकडे कोण लक्ष देतं?

"जंतू इथून आत शिरले," डॉक्टर म्हणाले. मग नडगीवर अंगठा दाबून उचलला. अंगठ्याएवढा खळगा तसाच राहिला, पिठाच्या गोळ्यावर बोट दाबावं तसा. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बॉलपेन काढलं आणि लालीच्या कडेकडेनं पायावर रेघ ओढली. "उद्या सकाळी लाली या रेघेच्या बाहेर दिसली तर माझ्याकडे येऊ नका, थेट हॉस्पिटलमध्ये जा."

सकाळी लाली गुडघ्याकडे निघाली होती. रेघ कुठेतरी मधेच राहून गेली होती.

हॉस्पिटलमध्ये हातात सलाईन, सलाईनमधून अँटिबायोटिक आणि पायाखाली उशांचा ढीग. पाय छातीपेक्षा वर राहिला पाहिजे, असं सांगितलेलं. राउंडला येणारी डॉक्टर माझ्याहून लहान होती, बंगाली वळणाचं हिंदी बोलायची आणि विचारलेल्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायची. मी तिला विचारलं, "एवढं पाणी पायात आलं कुठून? त्या जंतूंनी केलं का?"

"नाही, तुमच्या शरीरानंच सोडलंय," ती म्हणाली. "कातडीखाली जिवाणू शिरले, ते तुमच्या शरीराला कळलं. मग तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्या. त्यांच्या भिंती थोड्या सैल पडल्या, म्हणजे रक्तातल्या लढणाऱ्या पेशींना बाहेर पडून जिवाणूंपर्यंत पोचता यावं. पण भिंत सैल झाली की पेशींबरोबर रक्तातलं पाणीही झिरपतं. हे झिरपलेलं पाणी गोळा करून परत न्यायला वेगळ्या नळ्या असतात, केसासारख्या बारीक. एरवी त्यांचं काम गुपचूप चालू असतं. आता पाणी त्यांच्या आवाक्याबाहेर गेलंय, आणि त्या नळ्यांनाही संसर्गाची झळ लागलीय. म्हणून ते पाणी तिथंच राहिलंय."

"मग सुई टोचून काढून टाका ना."

"ते एका जागी साठलेलं नाही. ओल्या स्पंजात जसं सगळीकडे असतं तसं आहे. आधी जिवाणू मरू देत. पाणी हळूहळू जाईल. घाई करू नका आणि पाय खाली सोडू नका."

हे सगळं मी नागपूरला आईला फोनवर सांगितलं. आईनं अर्धंच ऐकलं असावं, कारण मी थांबताच ती म्हणाली, "धाकटी निघतेय. तिकीट काढलं."

"कशाला? मला कुणी नकोय."

"तुला नको असेल. पण जावईबापू आणि पोरगी जेवतील काय?"

मला कुणी नको होतं हे खरं नव्हतं. धाकटी नको होती, हे खरं होतं.

माझी बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आमच्या शाळेत मी दरवर्षी वर्गात पहिली यायचे. तरी ती शाळेत आल्यावर एका वर्षात बाई मला "हिची मोठी बहीण" म्हणून ओळखायला लागल्या. माझ्या साखरपुड्यानंतर सासरची मंडळी परत जाताना गाडीतून हात हलवत होती ती माझ्याकडे बघून नव्हे, माझ्यामागे उभ्या असलेल्या तिच्याकडे बघून. तिनं काही करावं लागत नाही. ती आली की लोक सरकून तिला जागा देतात. मी आयुष्यभर सगळं वेळेवर केलं: शिक्षण, लग्न, मूल. तिनं चित्रकलेचा डिप्लोमा केला, एका शाळेत शिकवलं, मग एक दिवस नोकरी सोडली. ठरलेलं लग्न स्वतःच मोडलं. आणि या सगळ्यानंतरही आई कुणाकडे तिच्याबद्दल बोलायला लागली की आईचा आवाज मऊ होतो. माझ्याबद्दल बोलताना आई माहिती सांगते.

ती हावड्याहून थेट हॉस्पिटलमध्ये आली, पाठीवरची सॅक न काढता माझ्या पायाशी उभी राहिली आणि म्हणाली, "बापरे ताई, हा तुझाच पाय आहे का?" आणि हसली. शेजारच्या खाटेवरच्या बाई, ज्या माझ्याशी आल्यापासून चकार शब्द बोलल्या नव्हत्या, त्याही हसल्या. संध्याकाळपर्यंत त्या बाईंच्या तिन्ही सुनांचे स्वभाव माझ्या बहिणीला ठाऊक झाले होते. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

मला घरी सोडलं तेव्हा लाली कमी झाली होती, पण पाय अजून खांबासारखा होता. घोटा कुठे आहे ते दिसत नव्हतं. कातडी ताणून चकाकत होती. पडून राहायचं, पाय लोडावर, गोळ्या वेळेवर. आमच्या झोपायच्या खोलीचं दार उघडं ठेवलं तरी तिथून स्वयंपाकघर दिसत नाही, फक्त ऐकू येतं. मी ऐकत राहायचे.

काय काय ऐकलं ते सांगते. माझ्या घरात इतक्या वेळा दारावरची घंटा कधी वाजली नव्हती. खालच्या मजल्यावर एक बंगाली बाई राहायच्या, निवृत्त शिक्षिका. घरातच चिमुरड्यांची बालवाडी चालवायच्या. सगळे त्यांना माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायचे. चार वर्षांत माझं आणि त्यांचं नातं जिन्यातल्या नमस्कारापुरतं होतं. आता त्या आमच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून माझ्या बहिणीला शुक्तो, ती बंगाली कडवट भाजी, शिकवत होत्या. कारलं किती, वांगं किती, दूध कधी घालायचं, हे मला बंगालीत ऐकू येत होतं आणि मला ते समजतही होतं. मला बंगाली समजायचं, पण मी बोलायचे नाही. बोलताना चुकले तर लोक हसतील असं वाटायचं. माझी बहीण एका वाक्यात चारदा चुकायची, लोक हसायचे, तीही हसायची आणि पुढच्या वेळी बरोबर बोलायची.

माझा नवरा कडू खात नाही. लग्नानंतर मी एकदा कारल्याची भाजी केली होती, तेव्हा त्यानं ताट बाजूला सारलं होतं. त्या दिवशी बाहेरून त्याचा आवाज आला, "अजून आहे का गं?"

पण सगळ्यात लागलं ते मुलीचं. एका दुपारी ती शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "आई, तू काय करून राहिली?"

मी बघतच राहिले. मम्मा नाही, आई. हिंदी नाही, मराठी. आणि मराठी तरी कुठली? अस्सल नागपुरी. जी मी लग्न होऊन पुण्याच्या घरात गेल्यावर हळूहळू टाकून दिली होती, कारण "करून राहिली" म्हटलं की सासरी सगळे एकमेकांकडे बघायचे. चार वर्षं मी या पोरीच्या मागे लागले होते. पुस्तकं मागवली, गोष्टी वाचल्या, रागावले. माझ्या बहिणीनं काहीच केलं नव्हतं, नुसती तिच्याशी बोलत राहिली होती.

"कुठून शिकलीस?" मी विचारलं.

"मावशीसारखं बोलते मी," ती म्हणाली आणि पळाली. स्वयंपाकघरातून दोघींचं हसणं आलं. मी भिंतीकडे तोंड केलं. पाय लोडावर असताना कुशीवर वळता येत नाही, त्यामुळे नुसती मान वळवली.

पायाची सूज मात्र खरंच उतरत होती. रोज सकाळी मी नडगीवर अंगठा दाबून बघायचे. आधी खळगा बराच वेळ तसाच राहायचा. मग तो हळूहळू भरून यायला लागला. एका सकाळी घोट्याचं हाड किंचित वर आलेलं दिसलं. ओहोटीला खडकाचं टोक दिसावं तसं. मला इतका आनंद झाला की नवऱ्याला हाक मारणार होते. तेवढ्यात बहीण चहा घेऊन आली आणि दारातूनच ओरडली, "भाऊजी, या लवकर, ताईचा घोटा दिसला!" सगळे धावत आले. सगळ्यांनी माझा घोटा पाहिला. माझा स्वतःचा घोटा, आणि बातमी तिची.

आता कुणी म्हणेल, नवरा आणि मेहुणी म्हटलं की असं होतंच. तसलं काही नव्हतं. माझा नवरा सरळ माणूस आहे आणि माझी बहीण तर त्याला मोठ्या भावासारखाच मानते. तशी शंका आली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मला हेवा वाटत होता तो माझ्याच घराचा. माझं घर माझ्यावाचून जास्त आनंदात होतं. मी उठून चालायला लागले की हे सगळं थांबेल, याची मला खात्री होती, आणि त्या घरातल्या कुणालाच त्याची घाई नव्हती.

एका दुपारी ती माझ्या खाटेच्या कडेला बसून शेंगा सोलत होती. सहज बोलली, "नाशिकला गेल्यावर तुला बरं वाटेल ताई. हवा कोरडी आहे तिकडे."

"नाशिकला कोण जातंय?"

तिचा हात थांबला. तिला खोटं बोलता येत नाही. चेहरा पडला. "भाऊजींनी सांगितलं नाही तुला? बदलीचा अर्ज केलाय त्यांनी. जवळपास झाल्यातच जमा आहे म्हणाले."

"तुला कधी सांगितलं?"

"मागच्या आठवड्यात. तुला कसं सांगायचं म्हणून विचारत होते."

नवऱ्याला माझ्याशी कसं बोलायचं ते माझ्या बहिणीला विचारावं लागत होतं. मी तिला म्हटलं, "बाहेर जा." ती शेंगांचं ताट घेऊन गेली. ताट उचलताना चार शेंगा चादरीवर सांडल्या. त्या मी उचलून खाल्ल्या, कशासाठी ते माहीत नाही.

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आल्यावर मी त्याला दार लावून घ्यायला सांगितलं.

"मला का नाही सांगितलंस?"

तो खुर्चीवर बसला. बूटही काढले नव्हते. "तू आजारी होतीस. आणि तूच तर म्हणायचीस, इथून बाहेर काढ. या दमटपणात माझा जीव जातो, इथं आपलं माणूस नाही, मुलीचं मराठी गेलं. म्हणून अर्ज केला. खात्रीचं झालं की सांगणार होतो."

"पण तिला सांगितलंस."

"ती समोर होती. जेवताना विषय निघाला. तिच्याशी बोलणं सोपं जातं गं, ती प्रत्येक गोष्टीत अर्थ काढत बसत नाही."

तो रागानं नव्हता म्हणाला. खरं वाटलं ते बोलला आणि बोलल्यावर त्याला कळलं. त्यानं माझा हात धरायचा प्रयत्न केला. मी हात पांघरुणात घेतला.

त्यानंतर बहिणीशी मी कामापुरतं बोलत होते. ती मात्र नेहमीसारखीच होती. मला वाटायचं, तिनंही रुसावं, एकदा तरी भांडी आपटावीत. ती माझ्या बोटांच्या बेचक्यांत मलम लावायची, पाय कोरडा करायची, उशी नीट करायची आणि गुणगुणत बाहेर जायची.

मग एका सकाळी नवरा आणि मुलगी गेल्यावर मला पुन्हा थंडी वाजली. मी कुणाला हाक मारली नाही, पण कप ठेवताना बशी वाजली ती तिनं ऐकली. आली, पांघरूण काढलं. पोटरीच्या मागच्या बाजूला नवा लाल चट्टा होता. आधीच्या जागेच्या थोडा वर. तिनं मुलीचं स्केचपेन आणून त्याच्याभोवती हिरवी रेघ ओढली आणि मोबाइलमध्ये वेळ लावून बसली. ताप मोजला. थोड्या वेळानं पुन्हा पाय पाहिला. "चल ताई, गेली रेघेबाहेर." खालच्या माशीमांना हाक मारली. दोघींनी मला आधार देऊन जिना उतरवला. माशीमा रस्त्यावर उभ्या राहून टॅक्सी थांबवत होत्या. बालवाडीतली मुलं खिडकीच्या गजांतून बघत होती.

टॅक्सीत तिनं माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, वर राहावा म्हणून. ऊन होतं, गाड्या खोळंबल्या होत्या, ड्रायव्हर कुणाला तरी शिव्या देत होता. ताप चढला की माणसाच्या तोंडाचं कुलूप निघतं. मी तिला विचारलं, "तुला माझा कधी हेवा वाटला का गं?"

"हेवा?" तिनं खरंच विचार केला. मला ते दिसत होतं. कपाळाला आठ्या घालून, डोळे बारीक करून ती आठवत होती. "नाही गं. कशाचा?"

"कशाचाही. लहानपणी. मार्कांचा. लग्नाचा. मुलीचा."

"थांब, आठवते," ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून तिला काहीतरी सापडायला हवं होतं, हे तिला कळलं होतं. ती खिडकीबाहेर बघत शोधत राहिली. हॉस्पिटलचं फाटक आलं तरी तिला काही सापडलं नव्हतं. माझ्या आयुष्यात इतकं कुणी मला दुखावलं नाही, आणि त्यात तिचा काडीचाही दोष नव्हता.

या वेळी लवकर पोचलो म्हणून थोडक्यात निभावलं. तीच डॉक्टर होती. तिनं समजावलं की चिखल्या पुरत्या बऱ्या झाल्या नव्हत्या, दार उघडंच राहिलं होतं. आणि एकदा असा संसर्ग झाला की पाणी परत नेणाऱ्या त्या बारीक नळ्यांना इजा होते. त्या पूर्वीसारखं काम करत नाहीत, थोडं पाणी मागे राहतं. आणि पाणी राहिलेल्या जागी जिवाणूंना पुन्हा बस्तान बसवणं सोपं जातं. म्हणून एकदा झालेल्याला पुन्हा होतं. "संसर्ग पूर्ण गेला की घट्ट मोजा वापरायचा. बोटांमधली जागा रोज बघायची, कोरडी ठेवायची. कातडी फुटू द्यायची नाही, तेल किंवा क्रीम लावायचं," ती सांगत होती. सांगत होती माझ्या बहिणीला. मी मध्ये पडून होते आणि त्या दोघी माझ्या पायावरून एकमेकींशी बोलत होत्या.

"मला सांगा," मी म्हटलं. "पाय माझा आहे."

डॉक्टरनं चमकून पाहिलं आणि मग सगळं पहिल्यापासून मला सांगितलं. बहीण मान हलवत होती, "हो ना, तिलाच सांगा, तिचं पाठांतर चांगलं आहे." कौतुकानं म्हणाली.

बदलीचा हुकूम दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर आला. तोवर मी मोजा घालून हिंडायला लागले होते. आणि हिंडायला लागल्यावर एक नवीनच गोष्ट झाली. खालची फळवाली मला थांबवून पायाची चौकशी करायला लागली. माशीमांनी खाली चहाला बोलावलं. पूजेच्या मांडवात बिल्डिंगमधल्या बायकांनी मला खुर्ची दिली, समोर दुसरी खुर्ची ठेवून तिच्यावर पाय ठेवायला लावला. मी मोडकंतोडकं बंगाली बोलले आणि कुणी हसलं नाही. मला ते शहर आवडायला लागलं होतं. पण ती सगळी ओळख बहिणीच्या पुण्याईची होती. सगळे आधी विचारायचे, "बोन कोथाय?" बहीण कुठेय?

सामान बांधायला लागलो तेव्हा तिनं सांगितलं, "ताई, मी राहतेय."

"कुठे?"

"इथंच. माशीमांना बालवाडीत मदत हवीय. त्यांच्याकडची मागची खोली रिकामी आहे. चित्रकला शिकवेन. मला आवडलंय गं इथं."

आई फोनवर रडली, मग म्हणाली, "तिचं तिला कळतं." मी नवऱ्याबरोबर दुसऱ्या गावी गेले तेव्हा आई असं म्हणाली नव्हती. तेव्हा म्हणाली होती, "सांभाळून राहा."

निघायच्या दिवशी माशीमांनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, पाय जपायला सांगितलं. टॅक्सी सुरू झाली. मी मागे वळून पाहिलं तर माशीमा माझ्या बहिणीच्या गळ्यात हात टाकून घरात जात होत्या. बिल्डिंग, फळवाली, ती गल्ली, पावसात तुंबणारं ते पाणीसुद्धा, सगळं तिला मिळालं होतं. चार वर्षं मी तिथं राहिले होते.

नाशिकला मला जे जे हवं होतं ते सगळं आहे. हवा कोरडी आहे, शेजारी मराठी आहेत, नात्यातली माणसं तासाभराच्या अंतरावर आहेत. पाय बरा आहे. दिवसभर उभं राहिलं तर संध्याकाळी घोट्याभोवती सूज येते आणि मोजा काढला की त्याच्या विणीचे वळ कातडीवर उमटलेले दिसतात. डॉक्टर म्हणतात, आता एवढं राहणारच. आंघोळीनंतर मी बोटांच्या बेचक्या पुसते, बघते, मलम लावते. पुन्हा ताप आलेला नाही.

मुलगी मावशीशी फोनवर बंगालीत बोलते. कोलकात्यात असताना तिला बंगाली बोलायचा कंटाळा होता, इकडे आल्यावर ती त्या दोघींची खास भाषा झालीय. मी खोलीत गेले की दोघी मराठीवर येतात. मला त्यांचं सगळं बोलणं समजतं हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. त्या माझ्याबद्दल कधीच काही वाईट बोलत नाहीत. बहुतेक वेळा बोलतच नाहीत.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी एकटी कोलकात्याला जाते म्हणाली. नवरा लगेच हो म्हणाला. स्टेशनवर तिनं खिडकीतून माझा हात धरला. "आई, तू पण चल ना. मावशीनं किती वेळा बोलावलं."

"एवढा प्रवास पायाला झेपणार नाही," मी म्हटलं. ते खरंच आहे, पाय लोंबता ठेवून इतका वेळ बसलं की सूज वाढते. ते कारण मला हाताशी सापडलं याचं बरं वाटलं.

ती पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी फोटो आला. कोलकात्याबाहेर बजबजकडे, गंगेच्या काठाला, दोघी कुठल्याशा पायऱ्यांवर बसल्या आहेत, पाय पाण्यात सोडून. मागे एक होडी. कुणी काढला असेल फोटो? तिचं कुणीतरी असणारच, तिला कुणीही मिळतं. मी फोटो मोठा करून मुलीचे पाय बघितले, मग बहिणीचे. नितळ, घोट्याची हाडं सुबक दिसणारी पावलं, घाणेरड्या पाण्यात खुशाल सोडलेली.

मी लिहिलं, "घरी गेल्यावर दोघी पाय साबणानं धुवा आणि बोटांच्या मधे नीट पुसा."

थोड्या वेळानं बहिणीचं उत्तर आलं. "हो ताई. तुझी फार आठवण आली आज."

मी ते दोनदा वाचलं. ती खोटं बोलत नाही, त्यामुळे तिला आठवण आली असणार. मी फोन उलटा ठेवला आणि मोजा काढायला बसले.